दहा हजारांत तीन

१३ एप्रिल, रविवार. सकाळी साडेनऊला आम्ही गच्चीवर मिरच्यांचे देठ काढायला बसलो. आम्ही म्हणजे मी आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणते. ब्याडगी चार किलो, जवारी दोन किलो, दोन दिवस कडक उन्हात वाळवलेली. रविवारी देठ काढायचे, मिरच्या तेलावर परतायच्या, मसाले भाजायचे, आणि सोमवारी सकाळी सगळं कांडपावर न्यायचं असा बेत होता. वर्षाची चटणी एकदा डब्यात गेली की उन्हाळ्याचं निम्मं काम संपतं.

मी कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. पंचवीस वर्षं झाली. माझ्या मार्गदर्शनाखाली आजवर एकाच विद्यार्थिनीने पीएच.डी.ला नोंदणी केली, ती जयसिंगपूरची. तिचा प्रबंध मंगळवारी, पंधरा तारखेला, संध्याकाळी पाचच्या आत विद्यापीठात द्यायचा होता. त्या दिवशी तिच्या नोंदणीची मुदत संपत होती. ती एकदा वाढवून घेतलेली मुदत होती, पुन्हा वाढणारी नव्हती. चुकली की नोंदणी रद्द, आणि तिची सात वर्षं पाण्यात. पण काळजीचं कारण नव्हतं. प्रबंधाच्या पाच प्रती काळ्या रेक्झिनमध्ये बांधून, वर सोनेरी अक्षरं उठवून तयार होत्या. चार माझ्या कपाटात होत्या आणि एक ती शनिवारी घरी दाखवायला घेऊन गेली होती. सोमवारी जयंतीची सुट्टी, मंगळवारी सकाळी जाऊन द्यायचं. सगळं झालं होतं म्हणूनच मी चटणीला हात घातला.

आत्या शिरोळकडच्या. वय अठ्ठ्याहत्तर. देठ माझ्या दुप्पट वेगाने काढतात आणि तोंड त्याहून वेगाने चालवतात.

"ती जयसिंगपूरची पोरगी झाली काय गं डाक्टर?"

"मंगळवारी प्रबंध देणार. तपासून यायला पुढे पाच-सहा महिने."

"सात वरसं करत हुती काय?"

"वायू मोजत होती."

"कसला? पोटातला?"

"आकाशातला, आत्या."

"मग नीट सांग की. आणि हात थांबवू नको सांगताना."

समोरच्या गच्चीवर शेजारीण शेगडीवर मिरच्या परतत होती. धूर आमच्याकडे आला की दोघींना ठसका लागायचा. मी सांगितलं. लांब, फार लांब एक झगझगीत दिवा आहे असं समजा, त्याला क्वासार म्हणतात. त्याच्या आणि आपल्या मधे कुठेतरी एक दीर्घिका आहे, म्हणजे ताऱ्यांचं मोठं गाव. त्या गावाभोवती वायू पसरलेला असतो. तो इतका विरळ असतो की दुर्बिणीतूनही तो नुसता दिसणं अवघड. पण मागच्या दिव्याचा उजेड त्याच्यातून येताना काही ठरावीक रंग तो खाऊन टाकतो. आपल्यापर्यंत जो उजेड पोचतो त्याच्या वर्णपटात तेवढ्या जागी खाचा पडलेल्या असतात. मॅग्नेशियम असेल तर दोन खाचा, अगदी शेजारी शेजारी. त्या नेमक्या कुठे पडल्या यावरून वायू किती वेगाने हलतोय ते कळतं.

"म्हंजे जे दिसत न्हाई ते मोजता."

"त्याने काय खाल्लं ते मोजतो."

"दुधाचं भांडं बघून मांजर कुठलं ते सांगायचं."

"तसंच."

"त्यासाठनं तुमच्याकडं दुर्बीण तर न्हाई."

"दुर्बीण परदेशात आहे. त्यांनी काढलेले वर्णपट सगळ्यांना फुकट बघायला मिळतात. आम्ही ते उतरवून घेतो आणि इथे बसून मोजतो."

"बरं. मग मांजर कुठलं निघालं?"

मी सांगितलं की लहान दीर्घिकांभोवतीचा वायू इतका वेगात आहे, की दीर्घिकेला तो धरून ठेवता येत नाही. तो निसटून चालला आहे. हेच प्रबंधाचं मुख्य म्हणणं. दोन वर्षांपूर्वी त्यावर आमचा लेखही छापून आला होता.

"निसटून कुठं चाललाय? आपल्याकडं का पल्याड?"

"काही आपल्याकडे, काही पलीकडे. निम्मा निम्मा."

"मोजलं काय निम्मं?"

"दिशा बघत नाही आम्ही. वायू दीर्घिकेच्या अलीकडच्या बाजूला आहे की पलीकडच्या, हेच कळत नसतं. म्हणून अधिक-उणे सोडून द्यायचं आणि नुसता वेग घ्यायचा. सगळेच असं करतात."

"मग निम्मं निम्मं कशावरनं म्हणतीस?"

"असणारच तसं."

"असणारच म्हंजे अंदाजपंचे की."

मी उठले. मला शंका आली म्हणून नाही, आत्यांचं तोंड बंद करावं म्हणून. खाली येऊन साबणाने दोनदा हात धुतले आणि जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. माझ्या विद्यार्थिनीच्या फाइली नीटनेटक्या असतात. एकेका ओळीत एक दीर्घिका आणि तिच्यामागचा क्वासार, अशा तीस-पस्तीस जोड्या. शेवटच्या रकान्यात नुसता वेग, आणि त्याच्या डावीकडच्या रकान्यात अधिक-उण्यासकट वेग. हा डावीकडचा रकाना मी सात वर्षांत कधी वाचला नव्हता. वाचायचं कारणच पडलं नव्हतं.

उण्याची चिन्हं चार-दोन होती. बाकी सगळे अधिक.

आकाशाच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतल्या दीर्घिका, एकीचा दुसरीशी काही संबंध नाही, आणि जवळजवळ सगळ्यांचा वायू आमच्यापासून लांब पळतोय. असं होत नाही. निम्मा आपल्याकडे यायलाच हवा. कोल्हापूरशी एवढं वैर धरायला त्या वायूला काही कारण नव्हतं.

मी सरासरी काढली. सेकंदाला अठ्ठ्याऐंशी किलोमीटर. तिला प्रकाशाच्या वेगाने भागलं. दहा हजारांत तीन आलं, तेही जरा कमीच.

हा आकडा मी दर वर्षी तिसऱ्या वर्षाच्या वर्गात फळ्यावर लिहिते. निर्वातात प्रकाश जितक्या वेगाने जातो त्यापेक्षा हवेत दहा हजारांत तीनने मंद जातो, आणि त्याची तरंगलांबी तेवढीच कमी भरते. पोरं विचारतात, मॅडम, एवढ्याशा फरकाने काय होतं? मी म्हणते, परीक्षेत दोन गुण जातात.

डोळा चुरचुरायला लागला तेव्हा कळलं की मी मिरचीचा हात डोळ्याला लावला होता. नळाखाली डोळा धरून उभी राहिले आणि तिथेच मला कार्ड आठवलं.

आमच्या प्रयोगशाळेत भिंतीवर एक कार्ड आहे. निरनिराळ्या मूलद्रव्यांच्या प्रमाण तरंगलांबी, लॅमिनेट केलेलं, मी स्वतः टाइप केलेलं. पोरं लोलक आणि दिवा घेऊन मोजतात ते हवेत बसूनच मोजतात, म्हणून प्रयोगशाळेच्या पुस्तकांत या आकड्यांची पद्धत हवेतली. दुर्बिणीवाल्यांनी दिलेले वर्णपट मात्र निर्वाताच्या मापात असतात. ही मुलगी पहिल्या वर्षी आली तेव्हा मॅग्नेशियमचे आकडे कुठून घेऊ म्हणाली, आणि मी तिच्या हातात त्याच कार्डाची प्रत ठेवली. यावरून कर. तिने तो तक्ता संगणकात घातला आणि सात वर्षं प्रत्येक खाच त्याच्याशी ताडून पाहिली. प्रत्येक वायूच्या पदरात अठ्ठ्याऐंशी किलोमीटर फुकटचे पडले.

मोठ्या दीर्घिकांच्या बाबतीत हे खपून गेलं असतं. त्यांची पकड जबरदस्त असते. पण आम्ही निवडल्या होत्या लहान. त्यांच्याजवळून सुटायला थोडाच वेग पुरतो, आणि तो थोडा वेग आमच्या तक्त्याने दिला. वर आम्ही अधिक-उणे सोडून दिलं. म्हणजे ही चूक जिथे दिसली असती ती एकच जागा आम्ही हाताने झाकून ठेवली.

मी अठ्ठ्याऐंशी वजा करून पुन्हा हिशेब केला. त्याला एक ओळ लिहावी लागली. वायू निसटत नव्हता. दोन-तीन ठिकाणं सोडली तर सगळा आपापल्या दीर्घिकेला धरून होता. संथ, शांत. विज्ञान म्हणून हेही उत्तर वाईट नाही. पण प्रबंधावर सोनेरी अक्षरांत नाव होतं ते इंग्रजीत 'लहान दीर्घिकांभोवतीचा निसटता वायू' अशा अर्थाचं.

अकरा वाजले होते. मी तिला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. मग तिच्या वडिलांना लावला. ते एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते, आता निवृत्त आहेत.

"बोला म्याडम. ती विहारात बसलीया. सकाळी पाचला बसलीत सगळी. अठरा तास."

मी विसरले होते. जयंतीच्या आदल्या दिवशी त्यांच्याकडे पोरंपोरी विहारात सलग अठरा तास अभ्यासाला बसतात. कुणी स्पर्धा परीक्षेचं वाचतं, कुणी दहावीचं. ही दर वर्षी बसते, आणि लहानांना गणितं सोडवायला मदत करते.

"फोन समद्यांचे डालग्यात घालून डालगं कपाटात ठेवून कुलूप लावलंय. किल्ली माझ्याकडं हाय. अकराला उठत्यात रात्री. काय अडचण हाय काय? बोलवून आणू?"

अकरा वाजता सकाळी सांगितलं काय आणि रात्री सांगितलं काय, वायू काही पुन्हा पळायला लागणार नव्हता. आणि अठरा तासांतनं तिला मधेच उठवायचं कशासाठी, तर माझी चूक तिच्या अंगावर टाकण्यासाठी.

"नाही," मी म्हणाले. "घाई नाही."

"उद्या नऊला मात्र यायचं हाय. विसरला न्हाईसा न्हवं? सत्कार हाय तिचा. चौकात डिजिटल लावलाय. तुमचा बी फोटो हाय त्यावर."

"माझा कशाला?"

"मग! गुरू न्हवं तुम्ही? पोरीचा मोठा, तुमचा बारका. रागावू नका. आणि तिच्या नावाफुडं डॉक्टर घातलंय. ती म्हणाली, अजून व्हायचीया. मी म्हटलं, दोन दिवसांनं काय बिघडतंय?"

मी येते म्हणाले आणि फोन ठेवला. चौकातले फलक आमच्याकडे माणसाच्या बारशापासूनच लागतात, त्यामुळे त्यांचं मला काही वाटत नाही. पण त्या 'डॉक्टर'चं वाटलं.

मग माझ्या हातात होतं ते करायला घेतलं. विद्यापीठाच्या संशोधन विभागात एक कारकून आहेत, चांगले ओळखीचे. रविवार असून फोन केला. मागे हलगी वाजत होती.

"मॅडम, मी जोतिबावर हाय. डोक्यापासनं पायापर्यंत गुलाल. मोठ्यानं बोला."

"प्रबंधाचं शीर्षक बदलायचं झालं तर?"

"कुणाचं? मंगळवारी देणाऱ्या पोरीचं? आता?"

"समजा."

"समजा कसलं. शीर्षक समितीनं मंजूर केलंय. बदलायचं तर समिती बसाय पाहिजे. समिती जूनमध्ये. तोवर नोंदणी संपली."

"शेवटी नुसतं प्रश्नचिन्ह टाकलं तर?"

ते हसले. "स्वल्पविराम हलत न्हाई तिथं प्रश्नचिन्ह. मॅडम, झालंय ते देऊन टाका की. आजवर कुणी बघितलंय आत?"

त्यांना मी दोष देत नाही. तोच विचार मी त्याआधी केला होता, आणि फोन ठेवल्यावर पुन्हा पाऊण तास केला. सांगितलंच नाही तर? परीक्षक दोन, दोघेही दूरचे, दोघांनाही कामं भरपूर. तेही अधिक-उणे सोडूनच देणारे. लेख तपासणाऱ्यांना दिसलं नव्हतं, यांना कशाला दिसेल? तिला पदवी मिळेल, तासिका तत्त्वावर शिकवतेय तिथे पक्कं व्हायला एक अर्ज करता येईल. पण ते वर्णपट सगळ्यांना फुकट मिळतात. आज ना उद्या कुणीतरी तेच मोजणार आणि त्याला हे अठ्ठ्याऐंशी सापडणार. त्या दिवशी लेखावर पहिलं नाव तिचं असेल, माझं दुसरं. हा हिशेब सरळ होता. यात माझा काही मोठेपणा नाही.

राहिलं ते एवढंच, की माझ्या हातात करण्यासारखं काही नव्हतं. मला याची सवय नाही. नळ गळला तर वायसर मी बदलते. मुलाचं प्रवेशपत्र चुकलं तेव्हा मी सात खिडक्या फिरून संध्याकाळपर्यंत ते दुरुस्त करून आणलं होतं. इथे खिडकी नव्हती. आकडा बरोबर होता आणि तक्ता चूक होता, आणि दोन्ही माझ्या टेबलावर होते. ती चाळीस किलोमीटरवर विहारात बसून कुणाला तरी लसावि-मसावि शिकवत होती, आणि तिचा फोन डालग्यात होता.

मी गच्चीवर परत गेले. आत्यांनी जवारीही संपवत आणली होती.

"काय झालं? निम्मं निघालं?"

"नाही."

"मग?"

"तुम्ही विचारलंत ते आम्ही सात वर्षांपूर्वी विचारायला पाहिजे होतं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, हातातला देठ टाकला. "वाईट झालं काय?"

"तिचं सगळं चुकलंय. माझ्यामुळे."

"मी आपलं बोलायचं म्हणून बोलले गं."

"माहीत आहे."

त्यांनी जवारीचे उरलेले देठ काढून संपवले. दुपारी आम्ही मिरच्या परतल्या. तीळ, खोबरं, धणे भाजले, कांदा तेलात लाल केला. खोबरं मी थोडं करपवलं. आत्यांनी ते काही न बोलता वेगळं काढून ठेवलं. त्या बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी मी दोन पानं लिहिली. चूक काय, कुठून आली, दुरुस्त केल्यावर उत्तर काय येतं. 'तक्ता मार्गदर्शकाने दिला होता' हे वाक्य पहिल्या परिच्छेदात घातलं. छापून पर्समध्ये ठेवलं. लेख छापणाऱ्या नियतकालिकाला पत्र लिहिलं, पण धाडलं नाही. तिचं नाव पहिलं आहे, आधी तिला कळलं पाहिजे.

"पोरीला सांगितलंस काय?" आत्यांनी ताट घेताना विचारलं.

"उद्या. तोंडावर सांगते."

"भ्यालीस काय?"

"व्हय," मी म्हणाले. घरात मी असं बोलत नाही.

१४ तारखेला सकाळी सव्वासहाच्या एसटीने निघाले. भाजलेली मिरची पातेल्यात झाकून होती. आत्या म्हणाल्या, कांडपावर मी रिक्षानं जाते, तू जा. गाडी रिकामी होती. हातकणंगल्यापर्यंत मी काय बोलायचं ते तीन प्रकारांनी जुळवलं आणि तिन्ही टाकून दिले.

ती स्टँडवर स्कूटर घेऊन उभी होती. पांढरी साडी, निळे काठ, डोळे जागरणाने सुजलेले.

"फोन उघडला तर तुमचे मिस्ड कॉल, मॅडम. बाबा म्हणाले, घाई नाही म्हणालात. म्हणून रात्री केला नाही."

"स्कूटर बाजूला घे," मी म्हणाले. "आधी एक सांगायचंय."

रसवंतीच्या बंद गाड्याजवळ आम्ही उभ्या राहिलो. मी पानं तिला दिली नाहीत. तोंडानेच म्हणाले, "अधिक-उण्याचा रकाना काल बघितला. जवळजवळ सगळे अधिक आहेत. सरासरी अठ्ठ्याऐंशी."

तिने स्कूटरच्या आरशाकडे बघितलं. मला नळाखाली उभं राहावं लागलं होतं. तिला तीन सेकंद लागले.

"हवा," ती म्हणाली.

"हो."

"तक्ता हवेतला होता."

"माझा होता तो."

"माहीत आहे. मी विचारलेलं तुम्हाला, मॅडम. पहिल्या वर्षी. हे आकडे हवेतले का निर्वातातले म्हणून."

मला हे अपेक्षित नव्हतं. "मी काय म्हणाले?"

"आधी खाच ओळखायला शिक म्हणालात. बारीकसारीक नंतर."

मला ते आठवत नव्हतं. आजही आठवत नाही. पण वाक्य माझंच आहे. मी ते दर वर्षी कुणाला तरी म्हणते.

"मग नंतर परत का विचारलं नाहीस?"

"तुम्ही दिलेला तक्ता होता की," ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला उत्तर देता आलं असतं.

मी पानं दिली. तिने उभ्यानेच वाचली, दुसरं पान पुन्हा वाचलं. एक बाई पाण्याची घागर घेऊन शेजारून गेली, 'ताई, अभिनंदन बरं का' म्हणाली. माझी विद्यार्थिनी तिच्याकडे बघून हसली. पानांची घडी केली.

"नाव बदलता येतं?"

"नाही. समिती जूनमध्ये आहे."

"मुदत?"

"उद्या पाच."

"मग नाव राहू दे. आत खरं लिहू. चौथं प्रकरण, शेवटचं प्रकरण, सारांश. आकृत्या चार बदलाव्या लागतील."

"परीक्षक विचारतील, नाव एक आणि उत्तर उलटं, हे काय?"

"सांगीन की. काय झालं ते सांगीन."

"नापास करू शकतात. पुन्हा लिहायला लावू शकतात. काहीही करू शकतात, आणि मला त्यात काही करता येणार नाही."

"व्हय," ती म्हणाली. माझ्याशी ती एरवी पुस्तकी बोलते. "उद्या पाचपर्यंत तास किती राहिले?"

मी मोजले. "तेहतीस."

"काल अठरा बसलेय. आता तेहतीस." ती हसायला गेली, पण मधेच तिने हेल्मेट घातलं.

चौकातला डिजिटल मी येताना पाहिला. तिचा फोटो माणसाएवढा होता. माझा कोपऱ्यात, वर्तुळात, ओळखपत्रावरचा. विहारापुढे मांडव होता, खुर्च्या लावणं चाललं होतं. तिचे वडील घामाघूम होऊन धावपळ करत होते. मी त्यांना बाजूला घेतलं.

"थोडं बोलायचं होतं. प्रबंधाबद्दल."

"बोलू की म्याडम, निवांत बोलू. आधी नाष्टा करा. ए, म्याडमना उप्पीट द्या रे, गरम बघून."

"महत्त्वाचं आहे."

"तुमचं समदंच महत्त्वाचं असतंय," ते म्हणाले आणि माईकवाल्याकडे पळाले.

नऊला कार्यक्रम सुरू झाला. फोटोला हार घातला. वंदना झाली. पुढच्या टेबलावर, निळ्या कापडावर, प्रबंधाची ती पाचवी प्रत ठेवली होती आणि तिच्याभोवती झेंडूची फुलं. सोनेरी अक्षरं उन्हात चमकत होती. माझ्या विद्यार्थिनीला शाल दिली, मला शाल दिली. मग तिच्या वडिलांनी माईक माझ्या हातात दिला. दोन शब्द, म्हणाले.

मला भाषण येत नाही, तास घेता येतो. मी म्हणाले, "हिने सात वर्षं अत्यंत नीट मोजमाप केलं. तरी या प्रबंधात एक मोठी चूक आहे. ती चूक माझी आहे, तिची नाही. तिने मला वेळेवर विचारलं होतं, मी ऐकलं नाही."

मग तिचे वडील उठून उभे राहिले आणि टाळ्या वाजवायला लागले, आणि पाठोपाठ सगळा मांडव. ते शेजारच्या गृहस्थांकडे वळून म्हणाले ते मला टाळ्यांच्या आवाजातही ऐकू आलं. "मोठी माणसं अशीच बोलत्यात. समदं आपल्यावर घेत्यात."

मी तिच्याकडे बघितलं. तिने मान हलवली. राहू दे, अशा अर्थाने.

टाळ्या संपेपर्यंत मी माईक धरून उभी राहिले. मग खाली उतरले, झेंडूची फुलं बाजूला केली आणि टेबलावरची प्रत उचलली. तिने स्कूटरमधून लॅपटॉप आणला. विहाराच्या मागच्या खोलीत, आदल्या दिवशी पोरं बसली होती त्याच सतरंजीवर, आम्ही चौथं प्रकरण काढून बसलो. बाहेर मिरवणुकीची गाडी सजवणं चाललं होतं. पावणेदहा झाले होते. मी पेन उघडलं आणि पहिलं वाक्य खोडलं.